जिल्हा-तालुका टेलिफोनीसाठी अ‍ॅस्टेरिस्क २२: सॉफ्टवेअर पक्के, पण लिंकचे गणित आधी मांडा

जिल्हा मुख्यालयात एक सर्व्हर, तालुका कार्यालयांत आयपी फोन आणि मधे सरकारी कार्यालयांना जोडणारे राज्याचे स्वॅन नेटवर्क, अशा मांडणीसाठी अ‍ॅस्टेरिस्क २२ (फोन एक्स्चेंज चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यावे का? जरूर घ्यावे. जीपीएल परवान्याखालचे मोफत सॉफ्टवेअर आहे, दर फोनमागे पैसे नाहीत आणि ऑक्टोबर २०२४ची ही आवृत्ती दीर्घ मुदतीच्या पाठबळाची आहे. फोन जोडणाऱ्या जुन्या चॅन-सिप मोड्यूलची सेटिंग मात्र यात चालणार नाहीत. ते मोड्यूल २१व्या आवृत्तीतच काढून टाकले, त्यामुळे सगळे पीजेसिप या नव्या मोड्यूलवर आणावे लागते.

आवाज तुटतो तेव्हा खापर सर्व्हरवर फुटते, पण दोष बहुधा लिंकमध्ये असतो. स्वॅनच्या मूळ आखणीत कार्यालयाला किमान २ एमबीपीएस धरले होते. त्यातला एक तृतीयांश भाग आवाजासाठी राखला तर हाती सुमारे ६७५ केबीपीएस येतात. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल पॅकेटांवरची पत्त्याची माहिती, म्हणजे हेडर, धरून ८२ केबीपीएस खातो, म्हणजे एका वेळी आठच कॉल. आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ला सुमारे २६ केबीपीएस पुरतात, म्हणजे पंचवीस. एसआरटीपी (आवाजाचे एन्क्रिप्शन) लावले की प्रत्येक कॉलला आणखी ४ केबीपीएस धरा. सरकारी नेटवर्कवर ते लावायलाच हवे. जी.७२९वर बोलणे नीट कळते, पण फॅक्स जात नाही. फॅक्सचे एक्स्टेंशन जी.७११ किंवा टी.३८ या फॅक्ससाठीच्या पद्धतीवरच ठेवा.

सर्वात जास्त लिंक वाया जाते ती डायरेक्ट मीडिया (आवाज सर्व्हरकडे न जाता फोनांमध्ये थेट जाऊ देणारा पर्याय) बंद ठेवल्याने. तहसील कार्यालयातल्या एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर फोन लावला, तरी दोन्ही फोनचा आवाज जिल्ह्याच्या सर्व्हरला जाऊन परत येतो. म्हणजे इमारतीतल्या इमारतीत झालेला कॉल बाहेरच्या दोन कॉलांएवढी जागा अडवतो! तो पर्याय चालू केला की फोन आपापसांत बोलतात, पण एसआरटीपी लावलेल्या फोनांना तो लागू होत नाही; त्यांचा आवाज सर्व्हरमार्गेच जातो, म्हणून दोन्हींतले एकच निवडावे लागते. मग दुसरा पेच उभा राहतो: दोन तालुक्यांमधल्या फायरवॉलवर फोनचे आरटीपी (आवाज वाहणारे) पोर्ट उघडे नसतील, तर घंटी वाजते, कॉल लागतो आणि आवाज एकाच बाजूने येतो किंवा येतच नाही. सर्व्हरकडचे यूडीपी १०००० ते २००००, आणि फोनची जी रेंज असेल ती, दोन्ही दिशांना उघडा. राउटरवरचे सिप एएलजी (कॉलच्या संदेशांत हात घालणारे फीचर) बंद करा. ते पत्ते बदलून घोळ वाढवते.

क्यूओएससाठी, म्हणजे आवाजाला प्राधान्य मिळण्यासाठी, आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ हे मार्किंग हवे. ते सर्व्हरवर लावून भागत नाही. फोनवरही लावा आणि स्विच ते मार्किंग पुसत नाही ना, ते पाहा. प्राधान्य रांग लिंकच्या दोन्ही टोकांना लागते. जिल्ह्याकडची रांग राहून गेली तर जिल्ह्यातल्या माणसाला स्वच्छ ऐकू येते आणि तालुक्यातल्याला तुटक. तक्रार एकतर्फी असेल तर आधी हेच तपासा.

मोजमापासाठी वेगळे साधन विकत घेऊ नका. कॉल चालू असताना सीएलआयवर (सर्व्हरच्या कमांड लाइनवर) ‘पीजेसिप शो चॅनलस्टॅट्स’ दिल्यास लॉस (हरवलेली पॅकेटे), जिटर (पॅकेटे पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) आणि आरटीटी (जाऊन परत यायला लागणारा वेळ) दिसतात. लॉस १ टक्क्याच्या आत, जिटर ३० मिलिसेकंदांखाली आणि एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. व्हीसॅटवर ही शेवटची अट पाळताच येत नाही, कारण भूस्थिर उपग्रहामार्गे एकाच दिशेला पाव सेकंद जातो. तिथे थांबून थांबून बोलायची सवय लावावी लागते.

खरी उणीव एकच आहे, आणि ती या मध्यवर्ती मांडणीची आहे. लिंक तुटली की तालुक्यातले फोन आपापसांतही लागत नाहीत. ऐन पावसाळ्यात हे परवडणारे नाही. तालुक्यात स्थानिक नोंदणी सांभाळणारा छोटा सर्व्हर किंवा गेटवे ठेवा, पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा) यूपीएसवर घ्या आणि नियंत्रण कक्षातली एक तांब्याच्या तारेची लँडलाइन अजिबात काढू नका.