ओएलएक्सवरून जुना फोन: जाहिरात फुकट, जबाबदारी तुमची

ओएलएक्स जुना फोन शोधायला चांगलं आहे, पण फोन पसंत पडल्यावर तुमच्या बाजूने कुणी उभं राहत नाही. हे ध्यानात ठेवून वापरलं तर पाचपैकी साडेतीन तारे. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टच्या भरवशाने वापरलं तर एकही नाही.

अ‍ॅप म्हणून तक्रारीला फार जागा नाही. उपनगर, किंमत, मॉडेल लावून जाहिराती गाळता येतात, चॅट नीट चालतं, स्वतःचा नंबर लपवता येतो. पण फोन हातात येईपर्यंत पैसे मध्ये अडकवून ठेवणं, नापसंत पडला तर परत घेणं, असलं काही इथे नाही. पैसे आणि वस्तू यांच्या मध्ये ओएलएक्स कुठेच नसतं. फेसबुक मार्केटप्लेसवरही हीच तऱ्हा. तिथे समोरच्याचं प्रोफाइल किती जुनं आहे ते दिसतं, आणि महिनाभरापूर्वी उघडलेलं खातं नवाकोरा आयफोन निम्म्या किमतीत विकत असेल तर पुढे बोलायची गरज उरत नाही.

लोक ‘ग्राहक मंचात जाऊ’ म्हणतात, तिथेच गाडी अडते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये एक अपवाद स्पष्ट लिहिला आहे: एखादी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर काही करत असेल, तर त्या व्यवहाराला हे नियम लागू होत नाहीत. म्हणजे कुणी काकांनी आपला वापरलेला फोन विकला, तर ते या नियमांच्या कक्षेबाहेर. मग हाती राहतो माल विक्री अधिनियम, १९३०. त्याच्या कलम १४ नुसार विकणाऱ्याला ती वस्तू विकायचा हक्क असलाच पाहिजे, आणि कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. दर्जाची आपोआप हमी मात्र कलम १६ फक्त त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून धरतं, खाजगी माणसाकडून नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट भेटीआधीच काढून ठेवा. ‘डिस्प्ले ओरिजिनल, कधी उघडलेला नाही’ हे वाक्य जाहिरातीत किंवा चॅटमध्ये लेखी असेल तर ते वर्णन ठरतं, तोंडी असेल तर हवेत जातं. समोरचा लगेच ‘व्हॉट्सअ‍ॅपवर या’ म्हणत असेल तरी दोषांबद्दलचे प्रश्न अ‍ॅपच्या चॅटवरच विचारा.

यातली एक खुबी फार थोड्यांना माहीत असते. विक्रेत्याच्या प्रोफाइलवर टिचकी मारून त्याच्या बाकीच्या जाहिराती बघा. ‘स्वतःचा वापरलेला, एकहाती’ म्हणणाऱ्याच्या नावावर आणखी डझनभर फोन दिसले, तर तो मालक नव्हे, दुकानदार आहे. त्यात वाईट काही नाही, उलट तुमची बाजू भक्कम होते. धंदा करणारा म्हटल्यावर कलम १६ ही लागतं आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा (पूर्वीचा ग्राहक मंच) रस्ताही मोकळा होतो. तिथे ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. फक्त बिल मागून घ्या. बिल द्यायला का-कू करणारा दुकानदार नंतर ओळखही दाखवणार नाही.

आता फोन बघण्याची गोष्ट. यात अर्धा तास जातो आणि जायलाच हवा. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी, शक्यतो एखाद्या सर्व्हिस सेंटरजवळ ठेवा. आपलं सिम, आपली चार्जिंग केबल आणि दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट बरोबर न्या.

आधी *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन. तो खोक्यावरच्या स्टिकरशी, बिलाशी आणि सेटिंगमधल्या ‘अबाउट’शी ताडून बघा. मग केवायएम (KYM) ही तीन अक्षरं इंग्रजीत, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या संचार साथी अ‍ॅपवरही होते. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ आलं, की नमस्कार करून निघा. नुसतं ‘बरोबर आहे’ एवढ्यावरही विसंबू नका, कारण काल चोरलेल्या फोनची नोंद आज झालेली असेलच असं नाही. म्हणून मूळ बिल हवं. बिल हरवलंय आणि खोकंही नाही, तर किंमत कितीही गोड असो, तो व्यवहार सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे असं मानायला जागा असूनही तो घेणं हा गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाने मिळणारा बिनकागदाचा फोन ही ‘जागा’ सहज पुरवतो.

मग खातं. विक्रेते फोन ‘रिसेट मारून’ आणतात आणि स्वागताचा पडदा दाखवतात. हे चालवून घेऊ नका. फोन चालू स्थितीत आणायला सांगा. त्यांनी तुमच्यासमोर सेटिंगमधून गूगल खातं काढायचं, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायचं, आणि मगच रिसेट करायचं. बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केलेला अँड्रॉइड फोन जुन्या मालकाचं खातं मागतो. ते मिळालं नाही तर हातात वीट उरते. रिसेटनंतर फोन तुमच्या हॉटस्पॉटवर जोडा, होम स्क्रीनपर्यंत न्या आणि दहा मिनिटं नुसता ठेवा. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्स कंपनीचं लॉक असू शकतं. ते इंटरनेट मिळाल्यावर परत अवतरतं, किंवा ‘हे उपकरण संस्थेच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाची ओळ दाखवतं. बिलावर फायनान्स कंपनीचं नाव दिसलं तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा. आज सुरळीत चालणारा असा फोन विक्रेत्याचा पुढचा हप्ता थकला की तुमच्या खिशात बंद पडतो.

हार्डवेअरमध्ये फसवणूक बहुतेक डिस्प्ले आणि बॅटरीतच असते. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत *#०*# डायल केलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यातले एकरंगी पडदे पूर्ण उजेडावर बघा, डाग आणि जुन्या आयकॉनच्या सावल्या लगेच दिसतात. अलीकडच्या आयफोनमध्ये ‘अबाउट’खाली पार्ट बदलल्याची नोंद येते, ‘अननोन पार्ट’ दिसलं तर तो सुटा भाग अस्सल असल्याची खात्री फोनलाच पटलेली नाही. बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. दोन्ही सिम खोबणी, एक खरा कॉल (कानाला लावल्यावर पडदा काळा व्हायला हवा), बोटाचा ठसा, केबल हलवून चार्जिंग. डिस्प्लेच्या खाली ठसा घेणाऱ्या फोनमध्ये पडदा बाहेरचा बसवला की ठशाचं गणित बऱ्याचदा बिघडतं, म्हणून ती चाचणी चुकवू नका.

पसंत पडला तर साध्या कागदावर विक्री पावती: मॉडेल, आयएमईआय, रक्कम, तारीख, ‘फोन माझ्या मालकीचा आहे, चोरीचा नाही, कर्ज बाकी नाही’ आणि सही. ओळखपत्राची प्रत घेताना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते. त्यावर ‘फक्त फोन विक्रीसाठी’ असं विक्रेत्याने स्वतः लिहावं. खरा मालक याला नाही म्हणत नाही.

विकणाऱ्यांनाही धोके आहेत, आणि विकणारे खरेदीदारापेक्षा जास्त बेसावध असतात. जाहिरात टाकून पाच मिनिटं होतात न होतात तोच फोन येतो. गृहस्थ म्हणे सैन्यात, कधी देवळालीला तर कधी पुण्याच्या कॅम्पात. किमतीत घासाघीस नाही, वस्तू बघायचीही नाही, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आपणहून पाठवतो. आधी एक-दोन रुपये खरोखर पाठवतो, मग ‘पैसे घ्यायला’ क्यूआर पाठवतो. घोकून ठेवा: पैसे येताना ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागणारी विनंती, बंद केली, क्यूआरचा सापळा मात्र आहे तिथेच आहे. याच मंडळींची उलटी आवृत्ती खरेदीदारासाठी: स्वस्त बुलेट, ‘बदली झालीय, ट्रान्सपोर्टने पाठवतो’, मग गेट पास, मग विमा, आणि प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’. आगाऊ एक रुपयाही देऊ नये.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस हा पुरावा नव्हे, बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक हाच पुरावा. आणि पैसे समोर उभ्या माणसाच्याच खात्यातून घ्या. ‘मित्र पाठवतोय’ असं झालं आणि ते पैसे कुणाच्या फसवणुकीतून आलेले निघाले, तर माग काढत पोलिस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि ती रक्कम, कधी कधी सगळं खातंच, गोठतं. फोनही गेलेला असतो.

ओएलएक्सकडे तक्रार कशाची करता येते? खोट्या जाहिरातीची, बनावट प्रोफाइलची. ई-कॉमर्स नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. गेलेले पैसे मात्र या वाटेने परत येत नाहीत. त्यासाठी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तेही तासाभरात, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरून एटीएमबाहेर पडायच्या आत अडवावे लागतात. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. लगोलग बँकेलाही कळवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पिन आपण स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि चॅट, जाहिरात, स्क्रीनशॉट जोडा. रक्कम गोठली असा निरोप आला तरी ती आपोआप खात्यात जमा होत नाही. अनेकदा न्यायालयाकडे अर्ज करून आदेश घ्यावा लागतो आणि त्यासाठी पोलिस ठाण्याचा अहवाल लागतो, म्हणून तक्रारीचा पोच क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या.