पळणारा म्हणून कारवानी घेतला, चपला गोळा करणारा निघाला: दीड वर्षानंतरचा अनुभव

कारवानी हा शिकारी, पळणारा कुत्रा. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. कारवानी म्हणा, मुधोळ म्हणा, केनेल क्लबच्या कागदावर कॅराव्हान हाउंड म्हणा. आमच्या तासगाव-जत पट्ट्यात या कुत्र्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मी घेतला तो द्राक्षबागेसाठी. लागोपाठ दोन हंगाम पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. शिवाय द्राक्षात साखर भरली की कोल्हे खालचे घड ओरबाडतात. (म्हणीतल्या कोल्ह्याला आंबट लागत असतील, आमच्याकडचे बरोबर गोड वेल निवडतात.)

विकणाऱ्याने पिल्लू दाखवायच्या आधी इतिहासच ऐकवला. मुधोळच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला ही कुत्री भेट दिली होती, 2005 साली पोस्टाचं तिकीट निघालं, वगैरे. सगळं खरं आहे, पण तिकिटावर आलेला कुत्रा तो हा नव्हे. "परक्याला अंगाला हात लावू देणार नाही, नजरेला पडलेलं जनावर सोडणार नाही," ही त्याची हमी. पैसे किती दिले ते घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाही. फवारणीचे दोन बॅटरी पंप आरामात आले असते. पोरांनी नाव ठेवलं तुफान.

तर हा तुफान परक्या माणसाला पाहिलं की आधी शेपूट हलवतो आणि मग त्याच्या पायाकडे बघतो. पाहुणा बसला, चहा आला, की एक चप्पल गायब. चावत नाही, कुरतडत नाही, पुरतही नाही. अलगद तोंडात धरून आणतो आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहतो. मी हात पुढे केल्याशिवाय सोडत नाही. वस्तीवरच्या सगळ्यांच्या चपला आमच्या ओट्यावर जमतात, आणि नेहमी एकच पाय. दुसरा पाय कधी आणत नाही. डावा की उजवा याचाही काही नियम सापडला नाही, मी बरंच लक्ष ठेवून पाहिलं. वरच्या मळ्यातल्या काकू आता सकाळी आधी आमच्याकडे येतात आणि मग देवाला जातात. एकांचा नवा चामडी जोड होता, त्याला दाताची खूण दिसते म्हणाले. मला दिसली नाही. तरी भरून द्यावे लागले.

आणि पळणं? कोंबडी समोरून गेली तरी हा नुसता बघतो. मांजर आणि तो एकाच गोणपाटावर झोपतात. थंडी सुरू झाली की आमच्या आईच्या गोधडीत शिरतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडी सोसत नाही हे मान्य. पण राखण गोधडीतून कशी होणार? पुतण्याने जत्रेतल्या शर्यतीला नेला. बाकीची कुत्री सुटली तशी माती उडाली. हा वळून प्रेक्षकांत गेला आणि कुणाची तरी चप्पल घेऊन आला. पुतण्या आठवडाभर गावात तोंड दाखवत नव्हता.

विकणाऱ्याला फोन केला. "तुम्ही लाडावला त्याला." बरं. "शिकारीवर सोडलाय का कधी? सशामागं सोडा, रक्त आपोआप जागं होतंय." म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल करून घ्या आणि मग कुत्रा चालतो का बघा! पैसे परत मागितले तर म्हणाला, "जनावर परत घेत नसतो आम्ही." पुढे फोन उचलणंच बंद.

इथपर्यंतचं मी उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. मधल्या काळात काही गोष्टी घडल्या, म्हणून पुढचं लिहितो.

पहिली गोष्ट घेणाऱ्यांच्या कामाची आहे. द्राक्षवेलींच्या मंडपाच्या तारेला घासून त्याच्या मांडीचं कातडं वीतभर फाटलं. या कुत्र्यांचं कातडं पातळच असतं. टाके घालायला भूल द्यावी लागणार होती. डॉक्टरांनी आधी जात विचारली. थायोपेंटोनसारखी औषधं अशा कमी चरबीच्या शिकारी कुत्र्यांच्या अंगात जास्त वेळ राहतात, शुद्धीवर यायला फार उशीर होतो, म्हणून त्यांनी दुसरं औषध वापरलं. म्हणजे स्वभावात जात नसली तरी शरीरात ती पुरेपूर आहे. तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. बरगड्या दिसतात म्हणून "खायला घालत नाही काय?" विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देणं सोडलंय. शेवटच्या बरगड्या दिसायलाच हव्यात. रोज ज्वारीची भाकरी, दूध आणि वर अंडं खातो, आमच्यापेक्षा बरं.

दुसरं, तिथेच बसल्या बसल्या डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. 2022 साली सायन्स या नियतकालिकात आलेला. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीवरून सांगता येतो. माणसाचं ऐकण्यात जातीचा हात त्यातल्या त्यात जास्त, आणि डिवचल्यावर किती लवकर चिडेल यात जवळजवळ नाहीच. आपल्याकडची कारवानी काही त्यात नव्हती. पण मी मनात लगेच हिशेब मांडला: पैसे शंभर टक्के दिले, माल 9 टक्के. विकणाऱ्याला हे ऐकवायचं होतं, पण फोन लागत नाही.

तिसरी गोष्ट ऑक्टोबर छाटणीतली. बागेत कात्री पडली की गेली. काडीपाल्यात दिसत नाही आणि पुढे रोटरमध्ये (ट्रॅक्टरमागच्या मशागतीच्या यंत्रात) सापडली तर त्याचं पातं जातं. चांगली कात्री आता स्वस्तही राहिलेली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मजूर निघाले तेव्हा एक कमी होती. मी वैतागून ओट्यावर बसलो होतो, तर तुफान बागेतून आला. तोंडात लाल मुठीची कात्री, पात्याकडून नाही, मुठीकडून धरलेली, आणि नेहमीसारखी मान खाली. शिकवलं कुणी? कुणीच नाही. लॅब्रॅडॉर पाण्यात पडलेलं बदक आणून देतात म्हणून लोक हजारो रुपये मोजतात, इथं कारवानी तेच काम बागेत फुकट करतोय. त्यानंतर तीन कात्र्या, एक पाना आणि मुकादमाचा मोबाईल परत मिळाला. मोबाईल मुकादमाच्या खिशातूनच आणला असावा असा त्याचा संशय आहे.

केबल यंदा शाबूत आहे. श्रेय कुत्र्याचं की नव्या कॅमेऱ्याचं हे सांगता येत नाही. लांबून त्याचं धूड बघून माणूस बांधावर थबकतो हे मात्र मी पाहिलंय. जवळ आला की भीती जाते आणि चप्पलही.

राखणीला दोन तारे. पळण्याला शून्य. कात्र्यांमुळे एकूण साडेतीन. विकणार का असं दोघातिघांनी विचारलं, त्यांना उत्तर "नाही" असं आहे. चपलेचे पैसे मागायला येणाऱ्यांनी दुपारनंतर यावं, सकाळी मी फवारणीत असतो.