सबटायटल्स की डबिंग? परभाषेतला चित्रपट पाहण्याआधी

परभाषेतला चित्रपट लावला की पहिल्या दृश्याआधीच एक निवड करावी लागते. मूळ आवाज ठेवून खाली सबटायटल्स वाचायची, की आपल्याला कळणाऱ्या भाषेतले डबिंग ऐकायचे? बरेच प्रेक्षक ही निवड स्वतः करतच नाहीत. जो पर्याय आधीपासून लावलेला असतो, त्यावरच चित्रपट पाहून टाकतात. त्याचा परिणाम नंतर गप्पांमध्ये दिसतो. नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलताना एक जण म्हणतो की नायिकेचे काम फारच कोरडे झाले आहे, आणि दुसऱ्याला नेमके तेच काम चित्रपटाचा प्राण वाटलेले असते. थोडे खोदून विचारले की उलगडा होतो: एकाने डब केलेली आवृत्ती पाहिलेली असते आणि दुसऱ्याने मूळ. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात, कारण चेहरा एकच असला तरी त्यांनी ऐकलेले आवाज दोन वेगळ्या व्यक्तींचे असतात.

मी दोन्ही पद्धतींनी भरपूर चित्रपट पाहिले आहेत आणि आता माझा कल बऱ्यापैकी एका बाजूला स्थिरावला आहे. तरीही डबिंगला आधीच खालच्या पायरीवर बसवून तुलना सुरू करणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे डोळे मोकळे राहतात. ज्या दिग्दर्शकाने एकाच चौकटीत पुढे एक भांडण, मागे खिडकीत एक चेहरा आणि बाजूला उघडे राहिलेले दार अशी रचना केली आहे, त्याच्या चित्रपटात दर दोन-तीन सेकंदांनी नजर पडद्याच्या तळाशी जात राहिली तर काहीतरी हातचे निसटणारच. सबटायटल्सना स्वतःची गणितेही सांभाळावी लागतात. मजकूर सहसा दोन ओळींपेक्षा जास्त नसतो, इंग्रजीसारख्या लिपीत एका ओळीत साधारण ४० अक्षरे मावतात, आणि एक मजकूर पडद्यावर फार तर ६-७ सेकंद ठेवला जातो. माणसे भराभर बोलू लागली की इतक्या जागेत सगळे बोलणे बसत नाही. मग संबोधने जातात, अर्धवट सोडलेली वाक्ये जातात, शिवीची धार जाते, आणि चार जणांच्या कलकलाटातून एकाचेच म्हणणे खाली उमटते. ज्या विनोदी चित्रपटाची सारी मजा बोलण्याच्या वेगात असते तो सबटायटल्सवर पाहताना विनोद समजतो, पण हसू अर्धा क्षण उशिरा येते. अशा चित्रपटांना चांगले डबिंग अधिक न्याय देते, असे माझे मत आहे.

चांगले डबिंग ही सोपी कला नाही, हेही सांगायला हवे. चित्रपटाची निर्मिती करतानाच संगीत आणि इतर ध्वनी यांची संवादांविना एक स्वतंत्र ध्वनिपट्टी तयार केली जाते आणि तिच्यावर नव्या भाषेतले आवाज बसवले जातात. क्लोजअपमध्ये ओठ मिटताना दिसत असतील, तर संवाद लिहिणाऱ्याला नेमक्या त्या जागी प, ब, म असा ओठ मिटवणारा वर्ण आणावा लागतो. शब्द अर्थाला धरून हवा, लांबीला पुरणारा हवा आणि बोलणाऱ्याच्या स्वभावाला शोभणाराही हवा. हे सगळे साधलेले डबिंग मी ऐकले आहे आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे.

शिवाय ‘मूळ आवाज’ ही गोष्ट दरवेळी आपण समजतो तितकी मूळ नसते. इटलीत कित्येक दशके संवाद चित्रीकरणानंतरच ध्वनिमुद्रित होत असत. तिथले दिग्दर्शक फेलिनी तर काही कलाकारांना कॅमेऱ्यासमोर संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावत आणि खरे शब्द नंतर भरून घेत. हाँगकाँगचे जुने मारधाडपटही मोठ्या प्रमाणावर आवाजाविना चित्रित होऊन नंतर मँडरिन किंवा कँटोनीजमध्ये डब होत असत. अशा चित्रपटांच्या बाबतीत मूळ आवाजासाठी फार हट्ट धरण्यात अर्थ नाही. ॲनिमेशनचेही तसेच. तिथे चेहरा आणि आवाज एकाच देहातून आलेले नसतातच, त्यामुळे दुसऱ्या भाषेतला आवाज परका वाटत नाही. लहान मुले सोबत असतील, किंवा ज्यांना वाचताना डोळ्यांना त्रास होतो अशी माणसे असतील, तर हा प्रश्नच उरत नाही. डबिंग लावावे आणि सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहावा.

सबटायटल्सचे काही दोष तर मला आजही खटकतात. बर्फाळ प्रदेशातल्या दृश्यावर पांढरी अक्षरे आली की वाचताना नजर अडखळते. त्याहून खटकते ती ओळ आधीच फुटणे. पात्र म्हणते, ‘त्या रात्री तिथे...’ आणि थांबते. तो थांबा हाच त्या दृश्याचा गाभा असतो. पण पुढचे ‘...मीच होतो’ हे शब्द त्याच ओळीत आधीच उमटलेले असतात, आणि पात्राचा धीर होण्यापूर्वीच कबुली आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. जाणकार सबटायटलकार अशा ठिकाणी ओळ तोडून दुसरा भाग मागे ठेवतात, पण सगळे तेवढी काळजी घेत नाहीत.

वाचण्याच्या श्रमाविषयी मात्र मी फारशी तक्रार करणार नाही. नियमित पाहणाऱ्याची नजर लवकर तयार होते. ओळ एका दृष्टिक्षेपात उचलून डोळे पुन्हा चेहऱ्याकडे जातात, आणि चित्रपट संपल्यावर आपण काही वाचत होतो याची आठवणही राहत नाही. निदान माझा तरी असा अनुभव आहे.

आता डबिंगच्या दोषांकडे येतो. पहिला दोष अंतराचा. बंद खोलीत मायक्रोफोनसमोर उभे राहून बोललेला आवाज सदैव जवळचा असतो. पडद्यावर बाई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभी असते आणि तिचा आवाज मात्र कानाशी येतो. वारा, भिंती, जिना चढून आल्यावर लागलेला दम या सगळ्यांचा जो स्पर्श मूळ आवाजाला झालेला असतो, तो नव्याने घडवणे शक्य असते, पण घाईत केलेल्या कामात तो हमखास राहून जातो. दुसरा दोष असा की काही डब आवृत्त्यांना शांतता सहन होत नाही. पात्राने कॅमेऱ्याकडे पाठ केली, म्हणजेच ओठ दिसेनासे झाले, की तिथे एखादे स्पष्टीकरणाचे वाक्य घुसवले जाते. मूळ चित्रपटात तो माणूस नुसता खिडकीबाहेर पाहत उभा असतो. डब आवृत्तीत तो पाठमोरा उभा राहून आपल्याला काय वाटते ते सांगत असतो.

हे दोष लहान आहेत असे नाही, पण कोणत्याही एका बाजूला जाण्याइतके ते मला पुरेसे वाटले नव्हते. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच एका त्रासामुळे, आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

एक युद्धपट मी डबिंगवर पाहत होतो. एका खोलीत अधिकारी, कैदी आणि त्या दोघांच्या मधोमध बसलेला दुभाषी, असा चौकशीचा प्रसंग होता. अधिकारी प्रश्न विचारतो. मग दुभाषी कैद्याकडे वळून तोच प्रश्न, त्याच भाषेत, एखाददुसरा शब्द बदलून पुन्हा विचारतो. कैदी उत्तर देतो. दुभाषी अधिकाऱ्याकडे वळतो आणि आपण नुकतेच ऐकलेले उत्तर पुन्हा सांगतो. तिघेही एकच भाषा अस्खलित बोलत असताना मधला माणूस तिथे कशासाठी बसला आहे, हेच समजेनासे होते. दृश्य लांबत जाते आणि पटकथा सैल आहे असे वाटू लागते. पुढे तोच चित्रपट मूळ आवाजात पाहिला तेव्हा त्या दृश्याची घडण लक्षात आली. अधिकाऱ्याच्या भाषेतल्या प्रश्नात कैद्याच्या गावाचे नाव येते. ते कानावर पडताच, दुभाषीने तोंड उघडण्यापूर्वीच, कैद्याची मांडीवरची बोटे आवळली जातात. त्याला त्यांची भाषा समजते आणि ते तो लपवतो आहे, हे त्या एका हालचालीतून प्रेक्षकाला कळते; पुढच्या अर्ध्या तासाचा सारा ताण त्या लपवण्यावरच उभा आहे. डब आवृत्तीत बोटे आवळलेली दिसतात, पण त्यांचा अर्थ शिल्लक राहिलेला नसतो.

हा एका चित्रपटापुरता अपवाद आहे असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. दिग्दर्शक गोदार यांच्या १९६३च्या ‘ल मेप्री’ या चित्रपटात निर्माता अमेरिकन आहे, पटकथालेखक फ्रेंच, दिग्दर्शक जर्मन, आणि त्यांच्यामध्ये भाषांतर करत वावरणारी फ्रान्चेस्का नावाची तरुणी आहे. माणसे एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत ही त्या चित्रपटाची व्यथा तिच्या कामातून सतत ऐकू येते. इटलीत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत मात्र सगळेच इटालियन बोलू लागले आणि त्या तरुणीच्या कामाचे प्रयोजनच हरवले.

त्याहून जुने उदाहरण फ्रेंच दिग्दर्शक रन्वार यांच्या १९३७च्या ‘ला ग्रांद इल्युझियाँ’चे आहे. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी जर्मन छावणीतून निसटण्यासाठी भुयार खणत असतात. ते पुरे होत असतानाच त्यांची दुसरीकडे रवानगी होते आणि त्यांच्या जागी इंग्रज कैदी येतात. फ्रेंच अधिकारी मारेशाल धडपडून एका इंग्रज अधिकाऱ्याला सांगू पाहतो की आमच्या खोलीत भुयार तयार आहे. पण समोरच्याला फ्रेंच येत नाही, याला इंग्रजी येत नाही, आणि निरोप तिथेच विरतो. दोघांना एकच भाषा दिली, तर या प्रसंगाला उभे राहायला जागाच उरत नाही. त्याच चित्रपटात फ्रेंच सरदार-घराण्यातला कैदी आणि जर्मन सरदार-घराण्यातला किल्लेदार एकमेकांशी मधूनच इंग्रजीत बोलतात. शत्रू असूनही ते एका वर्गाचे आहेत आणि भोवतालचे शिपाई त्या वर्गाबाहेरचे आहेत, हे सांगायला रन्वार यांना वेगळे वाक्य लिहावे लागत नाही. भाषा बदलते, तिथेच ते सांगून होते.

सबटायटल्स वाचणाऱ्याला यातली प्रत्येक भाषा येत असते असे नाही; मलाही येत नाही. खालच्या ओळीही एकाच लिपीत, एकाच ठशात असतात. परंतु कान बदल टिपतो. हा मघापेक्षा वेगळे काहीतरी बोलला, हा आपल्या माणसाशी असा बोलतो आणि परक्याशी तसा, इतके कळायला भाषा यावी लागत नाही. आज अनेक चित्रपटांत दोन-तीन भाषा मिसळलेल्या असतात, कारण स्थलांतर, सीमा, मिश्र विवाह, परक्या देशातली नोकरी हे त्यांचे विषयच आहेत, आणि तिथे डबिंग कथेचा कणाच काढून घेते असे मला वाटते.

याला जोडूनच आणखी एक मुद्दा मांडतो, कारण माझ्या मनातले पारडे त्याने अधिक झुकवले. सबटायटल्समध्ये जे हरवते ते हरवले आहे हे आपल्याला समजते. पात्र लांबलचक बोलले आणि खाली तीन शब्द आले, तर काहीतरी गाळले आहे हे उघड दिसते. डबिंगमध्ये मूळ आवाजच काढून टाकलेला असतो, त्यामुळे काय बदलले याचा मागमूस राहत नाही. स्पेनमध्ये १९४१ साली परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणे सक्तीचे झाले आणि सेन्सॉरच्या हाती मोठे साधन आले. १९५३च्या ‘मोगांबो’ या हॉलिवूडपटातले विवाहबाह्य प्रेम खपवण्यासाठी तिथल्या डबिंगमध्ये नवरा-बायकोला चक्क भाऊ-बहीण करण्यात आले. मूळ आवाज कानावर पडत राहिला असता, तर ‘हजबंड’सारखा ओळखीचा शब्द तरी एखाद्या प्रेक्षकाने पकडला असता. आजचे डबिंग करणारे असे काही करतात असा माझा मुळीच आरोप नाही, पण सौम्य केलेली शिवी, गुळगुळीत केलेला जातिवाचक उल्लेख किंवा नीटनेटकी केलेली ग्रामीण बोली आपल्याला कधी कळणारही नाही, ही अस्वस्थता राहतेच.

तेव्हा निवड करताना मी असे सुचवेन. ॲनिमेशन, संवादांपेक्षा हाणामारीवर चालणारे चित्रपट आणि सहकुटुंब पाहायचे चित्रपट डबिंगवर निःशंकपणे पाहावेत. बडबडीच्या वेगावर उभे असलेले विनोदी चित्रपट आपल्या आवडीने पाहावेत. तिथे दोन्हीकडे थोडे काही गमवावेच लागते. पण चित्रपट माणसांच्या नात्यांविषयी असेल, त्यातली पात्रे वेगवेगळ्या प्रांतांतली किंवा थरांतली असतील, आणि विशेषतः त्यात एकापेक्षा जास्त भाषा असतील, तर पहिली वीस मिनिटे जड गेली तरी मूळ आवाजच ठेवावा. वाचनाची सवय नसणाऱ्यांनी मोठी अक्षरे आणि मागे काळी पट्टी ही सोय असेल तर ती लावून घ्यावी. पांढऱ्यावर पांढरे हा त्रास तिथेच संपतो. डबिंग आणि सबटायटल्स एकदम लावणे मात्र टाळलेले बरे. ही दोन्ही भाषांतरे बहुधा वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या अडचणी सांभाळून केलेली असतात, त्यामुळे कानावर एक वाक्य येते, डोळ्यांसमोर दुसरे, आणि लक्ष त्या दोन्हींतला फरक जुळवण्यात अडकते.

डबिंगवर पाहिलेल्या चित्रपटातला एखादा नट फिका वाटला असेल, तर त्याच्याविषयी मित्रांत मत देण्यापूर्वी त्याचा एखादा लांबसा प्रसंग मूळ आवाजात पाहून घ्यावा, एवढी माझी विनंती आहे. मला वाटतो तसा तो सगळ्यांनाच वेगळा वाटेल असे मी म्हणत नाही, पण निदान ते मत त्या नटाविषयी असेल.