पाहुण्यांसाठी फ्रायब्रेड की निळ्या मक्याचा घाटा?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे मूळनिवासी म्हणजे नवाहो, ते स्वतःला दिने म्हणवतात. त्यांच्या घरात माणसं जेवायला जमली की मेंढीच्या मटणाचा रस्सा हमखास आवडीचा. प्रश्न सोबत काय, याचा.

फ्रायब्रेड झटपट होते. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, कोमट पाणी. गोळा हातावर थापून चरबीत किंवा तेलात तळायचा. वर बीन्स, खिमा, चीज घातलं की नवाहो टाको तयार. मुलं तर कढईपासून हलत नाहीत. पण तिचा इतिहास दुखरा आहे. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना घरादारातून काढून न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडो या छावणीत पायी नेलं. 1868 च्या करारापर्यंत ते तिथे अडकले, आणि सरकारी शिध्यातल्या मैद्या-चरबीतून ही भाकरी घडली, असं सांगतात. म्हणून कुणाला ती चिवटपणाची खूण वाटते, कुणाला जखमेची. दोन्ही मला खरं वाटतं.

घाटा त्याहून कितीतरी जुना. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाची हिरवी पालवी जाळून राख चाळायची, उकळत्या पाण्यात कालवायची, मग निळ्या मक्याचं पीठ घालून गुठळ्या मोडत ढवळायचं. राखेतल्या क्षारामुळे निळा रंग टिकतो, वर कॅल्शियमही मिळतं. आपल्या आंबिलीसारखा तो पोटाला हलका, म्हणून म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही चालतो.

मोठा गोतावळा असेल तर फ्रायब्रेड खुशाल तळावी. मात्र नवाहो जेवण पहिल्यांदाच चाखणाऱ्याला मी आधी घाटाच वाढेन. मका त्यांच्या प्रार्थनेतही आहे, मक्याचे परागकण पवित्र मानतात.