मानसोपचार क्लिनिकचा अनोळखी चार्ज: क्लिनिकला विचारावं, बँकेकडे जावं की कार्डच बंद करावं?

कार्डाच्या स्टेटमेंटवर एखाद्या दुकानाचं अनोळखी नाव दिसलं तर माणूस सरळ बँकेला फोन लावतो. मानसिक आरोग्याच्या क्लिनिकसारखं नाव दिसलं की हात थबकतो. घरातलं कोणी तिथे जातंय का? विचारलं तर त्यांना काय वाटेल? आणि ही फसवणूकच असेल तर आपण उगाच वेळ घालवतोय का?

समोर तीन वाटा असतात. क्लिनिकच्या बिलिंग विभागाला विचारणं, बँकेत डिस्प्यूट (व्यवहाराविरुद्धची तक्रार) टाकणं किंवा कार्ड ब्लॉक करणं. माझं मत आधीच सांगते. तुमचा किंवा घरातल्या कोणाचा त्या क्लिनिकशी थोडासाही संबंध असण्याची शक्यता असेल, तर पहिला फोन क्लिनिकलाच करा. बँक हा दुसरा टप्पा. कार्ड ब्लॉक करणं मात्र वेगळ्याच परिस्थितीसाठी आहे, तिथे क्षणभरही थांबायचं नसतं.

आधी ती ओळ नीट वाचा

स्टेटमेंटवर नावासाठी साधारण 22 ते 25 अक्षरांची जागा असते. मोठं नाव मध्येच तुटतं, ‘बिहेव्हियरल हेल्थ’चं (म्हणजे मानसिक आरोग्याचं) नुसतं ‘बिहेव्ह एचएल’ उरतं. शिवाय तिथे दारावरच्या पाटीवरचं नाव येईलच असं नाही. कंपनीचं नोंदणीकृत नाव, क्लिनिक चालवणाऱ्या मूळ संस्थेचं नाव किंवा बिलं करून देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचं नावही येऊ शकतं. काही क्लिनिक मुद्दामच मोघम नाव ठेवतात, म्हणजे स्टेटमेंट दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तरी उपचारांची गोष्ट उघड होत नाही. पेशंटच्या दृष्टीने ही चांगलीच सोय आहे, फक्त महिन्याभराने त्याला स्वतःलाच ते नाव ओळखू येत नाही.

त्याच ओळीत आणखी काही खुणा असतात. फोनवरून किंवा ऑनलाइन केलेल्या व्यवहारात गावाच्या नावाऐवजी बऱ्याचदा फोन नंबर छापलेला असतो. प्रत्येक व्यापाऱ्याला व्यवसायाचा एक चार आकडी कोडही असतो. 8011 म्हणजे डॉक्टर, 8062 म्हणजे हॉस्पिटल, 8099 म्हणजे इतर वैद्यकीय सेवा. ॲपमध्ये तो दिसत नसेल तर बँकेला विचारा. ‘वेलनेस’ नावाखाली कपड्यांच्या दुकानाचा कोड निघाला, तर संशयाला जागा आहे. तारखाही दोन असतात, एक व्यवहाराची आणि एक खात्यात नोंद झाल्याची. कॅलेंडर पाहताना व्यवहाराची तारीख धरा. शेजारी ‘पेंडिंग’ लिहिलेलं असेल तर ती रक्कम अजून पक्की कापलेली नाही, नुसती अडवून ठेवलेली आहे. ती पुढे बदलू शकते किंवा आपोआप सुटूही शकते.

एवढं झालं की आठवायला बसा. मानसोपचाराच्या बिलांत गोंधळ होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे न गेलेल्या सेशनची फी. पहिल्या भेटीत फॉर्म भरताना कार्ड नोंदवून ठेवलेलं असतं, आणि ‘अमुक तासांच्या आत रद्द केलं तर पैसे लागतील’ या ओळीखाली आपलीच सही असते. त्या दिवशी जायला जमलं नाही, किंवा मनच झालं नाही (नैराश्यात अगदी असंच होतं), आणि फी कार्डावरून गेली. विमा सहसा चुकलेल्या सेशनचे पैसे देत नाही, म्हणून ही रक्कम विमा वजा जाऊन तुम्ही एरवी भरता त्या हिश्श्यापेक्षा मोठीही असू शकते, आणि मोठी म्हणून ती आणखीच अनोळखी वाटते. दुसरी जागा विम्याची. विमा कंपनीचा हिशोब मागाहून होतो आणि उरलेली रक्कम कित्येक आठवड्यांनी कापली जाते. याशिवाय औषधं लिहून देणारे डॉक्टर आणि थेरपिस्ट यांची बिलं वेगळी असू शकतात, चाचण्यांचे आणि रिपोर्टचे पैसे वेगळे लागू शकतात, आणि ऑनलाइन थेरपीचं सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू राहतं.

क्लिनिक की बँक

क्लिनिकला विचारण्याचा मोठा फायदा म्हणजे चूक असेल तर ती तिथेच सुधारता येते. कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख आणि रक्कम सांगितली की बिलिंगवाल्यांना व्यवहार शोधता येतो. कार्डाचा पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी सांगायची गरजच नसते. कोणी मागितला तर फोन ठेवून द्या. क्लिनिकचा नंबरही एसएमएसमधून घेऊ नका, स्वतः शोधून काढा. तुम्ही स्वतः पेशंट असाल तर तारीखवार तपशिलाचं बिल मागा आणि कार्ड नोंदवताना सही केलेल्या फॉर्मची प्रत मागा. चुकलेल्या सेशनची फी असेल तर खरं कारण सांगून माफीची विनंती करायला अजिबात संकोच करू नका. पहिल्या वेळी बरीच क्लिनिक ऐकून घेतात.

या वाटेची मर्यादा गोपनीयतेची आहे. कार्ड तुमचं पण पेशंट दुसरं कोणी असेल, तर क्लिनिक तुम्हाला नाव सांगणार नाही, ती व्यक्ती तिथे येते की नाही हेही सांगणार नाही. याचा राग येतो, पण तेच योग्य आहे. अशा वेळी प्रश्न बदला. ‘कोण येतं?’ असं न विचारता ‘या कार्डावरून यापुढे पैसे घ्यायला माझी परवानगी नाही, तशी नोंद करा,’ एवढं सांगा आणि ते ईमेलने लेखी पाठवा.

बँकेची वाट जास्त ताकदीची आहे, आणि म्हणूनच जपून वापरायची. तक्रार नोंदवताना बँक विचारते की हा व्यवहार तुम्ही केलाच नाही, की केला पण त्यात काही चूक आहे. या दोन पूर्ण वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत ती फसवणूक ठरते, कार्ड रद्द होतं आणि नवा नंबर येतो. दुसरीत रक्कम चुकली, सेवा मिळाली नाही किंवा रद्द करूनही पैसे गेले, हे तुम्हाला कागदांनिशी दाखवावं लागतं. फी पटली नाही म्हणून ‘मला माहीतच नाही’ असं लिहून देऊ नका. क्लिनिक सही केलेला फॉर्म आणि अपॉइंटमेंटची नोंद पुरावा म्हणून पाठवतं, तक्रार फेटाळली जाते आणि तात्पुरते जमा झालेले पैसे परत जातात. शिवाय तुमच्या भेटीची जी माहिती क्लिनिकच्या चार भिंतींत होती, ती बँकेच्या फाइलमध्ये जाऊन बसते. आणि उपचार चालू असतील तर त्या नात्यावरही ताण येतो. चार्जबॅकमध्ये, म्हणजे बँक तक्रारीवरून पैसे क्लिनिककडून परत घेते तेव्हा, क्लिनिकला सहसा वेगळं शुल्क भरावं लागतं, काही जण थकबाकी मिटेपर्यंत पुढची वेळही देत नाहीत.

तरीही क्लिनिक उत्तरच देत नसेल, किंवा चूक कबूल करूनही पैसे परत करत नसेल, तर बँकेकडे जाच. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या तक्रारींना 120 दिवसांची मुदत असते, पण तुमच्या बँकेची किंवा तिथल्या कायद्याची मुदत त्याहून कमी असू शकते. म्हणून क्लिनिकशी बोलणी सुरू करतानाच ती विचारून ठेवा. डेबिट कार्ड असेल तर जास्त घाई करा, कारण तिथे तुमचे स्वतःचे पैसे आधीच गेलेले असतात. क्रेडिट कार्डात निदान वाद मिटेपर्यंत ते खात्यात राहतात.

कार्ड ब्लॉक कधी

आधी अगदी छोटी रक्कम आणि मागोमाग मोठी, किंवा क्लिनिकबरोबरच आणखी दोन-तीन अनोळखी नावं दिसली, तर कोणालाही फोन करण्याआधी कार्ड ब्लॉक करा. चोरलेलं कार्ड चालतंय का, हे छोट्या रकमेने तपासलं जातं. पण ब्लॉक केल्याने गेलेले पैसे परत येत नाहीत, डिस्प्यूट टाकावाच लागतो. सबस्क्रिप्शन थांबवायला तर हा उपाय फारच कच्चा आहे. कार्ड कंपन्या नव्या कार्डाचा तपशील नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आपोआप पुरवू शकतात, त्यामुळे नव्या कार्डावरही तोच चार्ज येऊ शकतो. सबस्क्रिप्शन मुळातूनच रद्द करा आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा. नुसती शंका असेल तर ॲपमधलं तात्पुरतं लॉक पुरतं.

घरातल्यांना विचारताना

ॲड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं जास्तीचं कार्ड, घरात कोणाकडे असेल तर बँकेआधी त्यांना विचारावं लागतंच, नाहीतर त्यांचाच खरा व्यवहार फसवणूक म्हणून नोंदला जाईल. विचारताना क्लिनिकचं नाव घेऊ नका. ‘अमुक तारखेला कार्डावरून एवढी रक्कम गेली आहे, तुझी आहे का?’ एवढंच पुरे. ‘हो’ म्हणाले तर पुढचा प्रश्न विचारू नका. कशासाठी, कधीपासून, आम्हाला का नाही सांगितलं, हे सगळं त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगू द्या. मदत घ्यायला धीर लागतो, आणि स्टेटमेंटवरून झालेल्या उलटतपासणीने माणूस पुढची अपॉइंटमेंट रद्द करून बसतो. तुम्ही स्वतः उपचार घेत असाल आणि हे घडू नये असं वाटत असेल, तर क्लिनिकला आधीच विचारा की स्टेटमेंटवर कोणतं नाव येईल, आणि शक्य असेल तर फक्त स्वतःच्या नावावरचं कार्ड द्या.

शेवटची एक गोष्ट व्यवहाराची. क्लिनिकने रिफंड कबूल केला तर तारीख आणि रक्कम लेखी घ्या. पैसे खात्यात यायला काही कामाचे दिवस लागतात, तेवढ्यात बँकेत डिस्प्यूट टाकू नका. दोन्हीकडून पैसे जमा झाले तर एक रक्कम नंतर परत काढली जाते आणि नवाच गुंता होतो. सांगितलेली तारीख उलटून गेली की मात्र तोच ईमेल जोडून बँकेकडे तक्रार करा.