खोकं कंपनीचं, आतला रेडिएटर भलताच

कुडाळ, कणकवली, मालवण, सावंतवाडी या भागात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी गाडीचा रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी), थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की ते जाळीकडे सोडणारी झडप) किंवा वॉटर पंप बदलून घेतला असेल, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. घाट चढणाऱ्यांनी तर नक्कीच. बाजार, स्टेशन, घर एवढंच फिरणाऱ्या गाडीत बनावट रेडिएटर वर्षभरही निभावून जातो. फोंडा, करूळ, आंबोली किंवा आंबा घाटात तो दगा देतो, आणि तेव्हा गाडीत माणसं असतात.

माझी एकच टुरिस्ट गाडी आहे आणि मीच ती चालवतो. मालवणात पर्यटकांना फिरवणं, कुडाळ-कणकवली स्टेशनला आणणं-सोडणं, आणि मध्ये मध्ये कोल्हापूरची फेरी, बहुतेक दवाखान्याची. २०२५ च्या मार्चमध्ये रेडिएटर गळायला लागला. आमच्या किनाऱ्यावर यात नवल नाही. खारी हवा ॲल्युमिनियमची जाळी खाते, बोटाने जरा दाबलं तरी पत्र्यांचा भुगा हातात येतो. त्यात जाळी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, मध्ये रबरी सील ठेवून पत्र्याचे दात दाबून बसवलेले. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन तो जोड सैल पडतो. मेस्त्रीने बघून सांगितलं, "पावडर टाकून लीक बंद करूक येता, पण नको. बारीक नळ्ये चोंदतत. नवीनच घाल." सल्ला अगदी योग्य होता. मेस्त्रीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

फसवणूक झाली ती सुट्या भागांच्या दुकानात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात आहे. दुकान मोठं, काउंटरमागे छतापर्यंत खोकी. दुकानदार बोलायला गोड. "भाऊ, तुम्ही घाटात जाता, पॅसेंजर नेता. लोकल घालूच नका, कंपनीचाच घ्या," असं त्यानेच मला बजावलं. खोक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं, "कंपनीचा ओरिजिनल, ६ महिने वॉरंटी." रेडिएटरचे ४,२०० रुपये, शिवाय थर्मोस्टॅट आणि तीन लिटर कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये घालायचं द्रव. पैसे मी यूपीआयने दिले.

बिल तिथेच मागितलं. "प्रिंटर बंद आहे, संध्याकाळी पाठवतो." संध्याकाळी आली ती वर 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी. जीएसटी क्रमांक नाही, पार्ट नंबर नाही, नुसतं 'रेडिएटर १ नग'. परत फोन केला तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर अठ्ठावीस टक्के वर लागतील." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. त्यावर आणखी कर मागायचा कोणालाही अधिकार नाही. असं म्हणणाऱ्या दुकानदाराला तो माल आपल्या दुकानातून गेल्याची कागदावर नोंद नको असते, दुसरं काही नाही. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला आहे, तरी हीच सबब ऐकायला मिळते.

मेस्त्रीने भाग बसवले, गाडी सुरू करून हवा काढली, पंखा लागतो का बघितलं. सगळं ठीक. महिनाभर सपाटीवर गाडी छान चालली. ही फसवणूक चालते ती अशीच. ब्रेकचा भाग बनावट असेल तर कधी कधी पहिल्याच दिवशी पाय सांगतो. रेडिएटरची खरी परीक्षा लोड आल्यावर होते. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर, वेग कमी, समोरून वारा नाही, एसी चालू, चार माणसं आणि सामान. इंजिन जास्तीत जास्त उष्णता टाकतं आणि ती बाहेर काढायला फक्त जाळी आणि पंखा असतो. तोवर खरेदीला इतके दिवस झालेले असतात की दुकानदार खुशाल म्हणतो, तुम्हीच गाडी नीट चालवली नाही.

एप्रिलमध्ये मालवणातलं एक म्हातारं जोडपं आणि त्यांची मुलगी यांना कोल्हापूरला डॉक्टरकडे घेऊन निघालो होतो. फोंडा घाट अर्धा चढल्यावर तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण सोडला. हीटर चालवला की इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. आत बसवत नाही, पण इंजिनला दम मिळतो. काटा जरा खाली आला, आणि मग एकदम तळाला गेला. हे माहीत नसलेला माणूस "निवली गाडी" म्हणून पुढे हाकेल. असा एकदम पडलेला काटा म्हणजे पाणी संपलं. सेन्सरला पाण्याचा स्पर्शच राहत नाही, मग तो सांगणार काय? गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती. रेडिएटरची टाकी जोडाजवळ वीतभर फाटली होती.

अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब, बार या एककात. १.१ बारच्या दाबाखाली नुसतं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. गाडी पूर्ण निवेपर्यंत, पाऊण तास लागला तरी, थांबायचं.

त्या आजोबांना कणकवलीहून आलेल्या दुसऱ्या गाडीने पुढे पाठवलं. डॉक्टरांची वेळ चुकली. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण भर उन्हात दोन तास रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले आजोबा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. माझी गाडी टोचन करून खाली आणली. ऑइलची काडी काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं होतं. हेड काढणं, फेसिंग (हेडची बाजू सपाट करून घेणं), नवीन गॅस्केट, ऑइल, मजुरी मिळून तेवीस हजार, आणि ऐन मे महिन्याच्या तोंडावर गाडी उभी.

फाटलेला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट मी भंगारात दिला नाही. दोन्ही घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या रेडिएटरवाल्याकडे गेलो. त्यांनी टाकी हातात घेऊन उलटसुलट फिरवली आणि विचारलं, "शिक्का कुठाय ह्याच्यावर?" मग आपल्याकडचा त्याच मॉडेलचा अस्सल रेडिएटर शेजारी ठेवला. त्याच्या टाकीवर प्लॅस्टिकमध्येच उठून आलेली अक्षरं होती, पीए ६६ जीएफ ३०. म्हणजे नायलॉन ६६, त्यात तीस टक्के काचेचे तंतू. उष्णता आणि दाब एकत्र सोसतात ते हे तंतू. शेजारी छोटं गोल घड्याळासारखं चिन्ह, मधोमध साल, कडेला महिने, आणि बाण एका महिन्याकडे. साच्याची तारीख. माझ्या टाकीवर यातलं काहीच नव्हतं, गुळगुळीत काळं प्लॅस्टिक. जाळीची जाडीही कमी, दोन नळ्यांमधल्या पत्र्या विरळ. दोन्ही रेडिएटर मी दोन हातांत तोलून बघितले, फरक डोळे मिटूनही कळत होता.

थर्मोस्टॅटचं त्यांनी जे केलं ते प्रत्येकाला घरी करता येईल. ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी, त्यात दोऱ्याने दोन थर्मोस्टॅट टांगलेले, बुडाला टेकू न देता, आणि एक थर्मामीटर. दोघांवरही ८२ कोरलेलं. आतल्या कुपीत मेण असतं, ते वितळून फुगलं की झडप ढकलतं. अस्सल थर्मोस्टॅटची झडप ८२ च्या जवळपास हलली आणि पंचाण्णवपर्यंत चांगली आठ मिलिमीटर उघडली. माझा नव्वदपर्यंत मिटलेलाच. पाणी खळखळून उकळायला लागलं तरी नखाएवढी फट. "इंजिनात पानीच फिरत न्हवतं की वो पुरतं," ते म्हणाले. गरम पाणी जाळीपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं, आणि जे पोचत होतं त्याचा दाब त्या टाकीला सोसत नव्हता.

मग त्यांनी खोकं मागितलं. सुदैवाने ते माझ्या डिकीत होतं. खोकं खरं निघालं! छपाई खरी, होलोग्राम खरा. पण चिकटपट्टीखाली जुनी पट्टी ओरबाडून काढल्याची खूण होती, आणि कडेच्या लेबलवरचा पार्ट नंबर दुसऱ्याच मॉडेलचा. गॅरेजमध्ये अस्सल भाग बसला की खोकं कोपऱ्यात पडतं, भंगारवाला ते चांगले पैसे देऊन नेतो, आणि तेच बनावट माल भरून परत काउंटरवर येतं. म्हणून आता मी भाग बसला की खोकं स्वतः फाडतो, लेबलचे तुकडे करतो. तुम्हीही करा, मेस्त्रीच्या देखतच करा. तुमच्या खोक्यातून दुसरा कोणी फसायला नको.

दुकानदाराकडे गेलो तर सूर बदललेला. आधी म्हणाला फिटिंग चुकलं, मग म्हणाला कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घातलं असेल. (आमच्याकडच्या मचूळ पाण्याने ॲल्युमिनियम सडतं हे खरं आहे, डिस्टिल्ड पाणीच घालावं. पण महिन्याभरात टाकी फाटत नाही.) शेवटी म्हणाला, "टुरिस्ट गाडीला ग्राहक कायदा लागत नाही, कुठेही जा."

हे धादांत खोटं आहे आणि या एका वाक्यावर कितीतरी रिक्षावाले, टेम्पोवाले माघारी गेले असतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी वापरासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही हे खरं. पण त्यातच स्पष्ट म्हटलं आहे की, स्वतः काम करून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो व्यापारी वापर समजायचा नाही. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं "कंपनीचा ओरिजिनल", ती एस्टिमेटची चिठ्ठी आणि दोन्ही रेडिएटर शेजारी ठेवून काढलेले फोटो जोडले. थोड्या दिवसांत दुकानदाराने रेडिएटर आणि थर्मोस्टॅटचे पैसे मुकाट्याने परत पाठवले. इंजिनच्या नुकसानीबद्दल मात्र हात वर केले, म्हणून आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आता माल कुठून घ्यायचा? मला जो भरवशाचा दुकानदार मिळाला तो कोल्हापूरचा. त्याची पारख पहिल्याच फोनला झाली. त्याने किंमत सांगायच्या आधी आरसीवरचा सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर मागितला. एकाच मॉडेलला मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, पेट्रोल आणि सीएनजी असे वेगवेगळे रेडिएटर असू शकतात. चॅसिस नंबरावरून पार्ट नंबर काढल्याशिवाय "बसतो तुमच्या गाडीला" म्हणणारा अंदाजाने विकतो. मग त्याने तीन भाव सांगितले, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचा त्याच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि लोकल. मधला बहुतेक वेळा स्वस्त आणि तितकाच चांगला पडतो. लोकल विकणं हा गुन्हा नाही, लोकलला कंपनीचा म्हणून विकणं हा आहे. बिलावर पार्ट नंबर छापून येतो, आणि माल येण्याआधी बिल फोनवर येतं. भाग घेताना खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर हे सगळं असलंच पाहिजे. लेबलवर लेबल चिकटवलेलं असेल तर घेऊ नका. जुना भाग मेस्त्रीकडून परत मागा आणि नव्याशेजारी ठेवून बघा.

माल मागवायला दोन-चार दिवस लागतात, आणि गाडी उभी असली की तेवढा धीर निघत नाही. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून रबरी पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट हे मेच्या आणि गणपतीच्या आधीच, गाडी ठणठणीत असताना बदलून घ्यावं. मुंबई-पुण्याहून गणपतीला येणाऱ्यांनी तर निघण्यापूर्वीच, आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये.

ज्यांनी या भागातून कंपनीचा म्हणून रेडिएटर घेतला आहे त्यांनी गाडी थंड असताना बॉनेट उघडून टॉर्चने टाकी बघावी. उठावाची अक्षरं आणि साच्याची तारीख शोधावी. काहीच सापडलं नाही तर घाट चढण्याआधी जाणत्या रेडिएटरवाल्याला दाखवावा, त्याच्याकडून लेखी घ्यावं, आणि खरेदीची यूपीआय नोंद शोधून ठेवावी. त्याच दुकानातला माल निघाला तर मला जरूर कळवा, आयोगापुढे एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर त्यांचं वजन वेगळं पडतं.