पद्मिनीचा ढिला गिअर: बुश बदलून काही महिने झाल्यावर

माझी प्रीमियर पद्मिनी 1986ची आहे. गिअर स्टिअरिंगजवळ. न्यूट्रलला दांडा सोडला की तो वितभर डुलायचा आणि दुसरा टाकायला गेलं की कधी कधी चौथा पडायचा. उताराला हे धोक्याचं. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, गिअरबॉक्स उतरवा. मी म्हणेन, त्याआधी बॉनेट उघडा.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत स्टिअरिंग कॉलमलगतचा (स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा) शाफ्ट, खालचे लिव्हर आणि रॉड अशी साखळी आहे. एक हालचाल गाळा (गिअरची जोडी) निवडते, दुसरी गिअर टाकते. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवती बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी. तिथे थोडी थोडी झीज झाली तरी वर दांड्याच्या टोकाला ती कितीतरी पटींनी जाणवते. इंजिन बंद ठेवून एकाला दांडा हलवायला बसवा आणि आपण खाली बोट लावून बघा: लिव्हर हलतो पण रॉड जागेवर, तो सांधा गेला. माझ्या गाडीत बुशचा चुरा झाला होता, पिनेला खाच पडली होती आणि लिव्हरचं भोक लंबगोल झालं होतं. अशा भोकात नुसता नवा बुश बसवून काही होत नाही. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल करून घेतलं, पिना नव्या टाकल्या. बुश लेथवाल्याकडून नायलॉनचे करून घेतले. पितळेचे टिकतात, पण सांधा ढिला झाला की खडखडतात आणि पिन खातात, म्हणून मी नायलॉनच घ्या म्हणेन.

इंजिनचे माउंटिंगही, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर टेकतात ते रबरही बघाच. कॉलम बॉडीला जोडलेला आणि गिअरबॉक्स इंजिनला. रबर दबलं की रॉडचं सेटिंग आपोआप बिघडतं. माझं मागचं रबर चपटं झालं होतं. ते बदलल्यावरच रॉडची लांबी जुळवली, उलट क्रमाने केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

पूर्ण पावसाळा गाडी रोज चालवली. ट्रॅफिकमध्ये दुसरा-तिसरा आता हात न शोधता पडतो, दांडा डुलत नाही. पावसाळ्यानंतर सांधे पुसून ग्रीस दिलं, बुश जसेच्या तसे होते. थंड गाडीत रिव्हर्सला मात्र अजून करकर होते. क्लच पूर्ण सुटत नसावा असं वाटतं. तो सेट करून बघतोय, गिअरबॉक्सला हात लावणार नाही.